रिकामी नाही, राखलेली जमीन

गेल्या दोन भागांत आपण गटाच्या हिशोबाबद्दल बोललो, खरेदी-विक्रीबद्दल बोललो. आज जमिनीबद्दल बोलू. पण ज्या जमिनीत आपण भात लावतो, नाचणी लावतो, तिच्याबद्दल नाही. ज्या जमिनीत कुणीच काही लावलेलं नाही, जिथं कुणी नांगर घातला नाही, जिला कुणी कुंपण केलं नाही, अशा जमिनीबद्दल.

हा विषय आमच्याकडं कसा आला ते आधी सांगतो. आमच्या ग्रामसंघात सात गट आहेत. काजू बी विकण्यापेक्षा आपणच फोडून, सोलून गर विकावा, असं दोन वर्षांपासून चाललं होतं. प्रशिक्षण झालं, प्रस्ताव झाला, बँकेतल्या साहेबांनीही मान हलवली. अडलं होतं ते शेडच्या जागेपाशी. मग एका बैठकीत कुणीतरी सुचवलं, की देवरहाटीच्या कडेला, रस्त्याला लागून पाच-सहा गुंठे मोकळं करून घेऊ. "रिकामीच तर पडलीय." आम्हीही लगेच हो म्हटलं. खोटं कशाला बोलायचं, आम्हाला तेव्हा आनंदच झाला.

तेवढ्यात मागं भिंतीला टेकून बसलेल्या आमच्या थोरल्या काकी बोलल्या. सहीच्या जागी अंगठा देणाऱ्या, बैठकीत सहसा न बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "रिकामी कुठंय गं? गच्च भरलेली आहे ती. तिथं आपलं काही नाही, एवढंच."

त्या दिवशी विषय तिथंच थांबला. पण ते वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. आपलं काही नाही म्हणून जागा रिकामी होते का? आणि जी जागा आपण वापरत नाही तिचा काही उपयोग असतो का? या प्रश्नांमागं आम्ही वर्षभर लागलो. त्यातून जे समजलं ते आज तुमच्यापुढं मांडतो.

नावातच निकाल

आधी आपले शब्द बघू. सातबारा हातात घ्या. त्यावर लागवडीखालचं क्षेत्र असतं, आणि त्याखाली 'पोटखराबा' असतो. म्हणजे ज्यात पीक येत नाही ती जमीन. खराब. एरवीही आपण बोलताना म्हणतो, पडीक जमीन, ओसाड माळ, झाडोरा माजलाय. जमीन काय करते ते बघायच्या आधीच आपण तिला नाव ठेवून मोकळे होतो.

पण आपल्याच भाषेत दुसरे शब्दही आहेत. 'रान' हा शब्द घ्या. देशावरची बाई म्हणते, "मालक रानात गेलेत", तेव्हा ती शेताबद्दल बोलत असते. आमच्याकडं कोकणात रानात गेले म्हणजे लाकडाला गेले, नाहीतर गुरांमागं गेले. एकच शब्द, शेतालाही चालतो आणि जंगलालाही. म्हणजे आपल्या आधीच्या माणसांच्या मनात या दोन जागांमध्ये फार मोठी भिंत नव्हती.

'जंगल' या शब्दाची तर गंमतच आहे. तो संस्कृतातल्या 'जांगल' शब्दावरून आला. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत जांगल प्रदेश म्हणजे घनदाट झाडी नव्हे, तर कमी पाण्याचा, मोकळा, तुरळक झाडांचा मुलूख. म्हणजे ज्याला आज आपण माळरान म्हणून नाक मुरडतो, तोच मूळचा जांगल.

हे सांगायचं कारण असं, की मूळची राहिलेली जमीन म्हणजे दरवेळी हिरवीगार राईच असते असं नाही. सोलापूर जिल्ह्यातला नान्नजचा माळ बघा. बघणाऱ्याला नुसतं गवत दिसतं. पण तिथल्या माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली तिथं अभयारण्य जाहीर झालं. माळढोक, लांडगा, काळवीट यांना उघडा माळच लागतो. अशा माळावर चांगल्या मनानं खड्डे खणून दाट झाडं लावली, तरी त्यांचं घर मोडतं. झाड लावणं पुण्याचं, पण कुठं लावतो हेही बघायला हवं.

आमच्या रत्नागिरीकडचे सडेही तसेच. उन्हाळ्यात तापलेला काळा-तांबडा कातळ. पण पावसात त्यावर जो फुलांचा गालिचा उमलतो, तो गुरांमागं फिरणाऱ्या पोरांना विचारा. पावसाचं पाणी त्याच कातळाच्या भेगांतून मुरतं आणि खाली वाडीच्या विहिरीला लागतं. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरलेली कातळशिल्पंही याच सड्यांवर आहेत. उक्षी, बारसू, कशेळी ही नावं तुम्ही ऐकली असतील. पोटखराबा म्हणून चिरेखाणीला दिला असता, तर हे सगळं चिऱ्यांबरोबर ट्रकात भरून गेलं असतं.

माणसाला बाहेर काढून की माणसांनी ठरवून?

मूळची राहिलेली जमीन जपावी, हा विचार जगात इतर ठिकाणीही झाला. अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोन नावाचं राष्ट्रीय उद्यान झालं. पुढं १९६४ साली त्यांनी खास कायदा केला. अशा जमिनी सरकारनं निवडायच्या, तिथं रस्ते, घरं, कारखाने करायचे नाहीत. माणूस तिथं पाहुणा म्हणून जाईल, राहणार नाही, असा त्याचा अर्थ. कायदा मोलाचा आहे, त्यामुळं पुष्कळ रान वाचलं. पण त्या गोष्टीला एक काळी बाजूही आहे. यलोस्टोनसारख्या जागी पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, शिकार करणारे मूळचे लोक होते. त्यांना तिथून दूर केलं गेलं आणि मग जगाला सांगितलं, की बघा, इथं माणसाचा हात लागलेला नाही.

आपल्याकडं अभयारण्यांच्या कडेच्या गावांना हे वेगळं सांगायला नको. तेव्हा 'हात न लावलेली जमीन' असं आम्ही म्हणतो, तेव्हा आम्हाला माणसाला हाकलून रिकामी केलेली जमीन अभिप्रेत नाही. जमिनीनं तिच्या पद्धतीनं जगावं, म्हणून शेजारी राहणाऱ्या माणसांनी आपणहून आवरलेला हात, असा अर्थ आम्ही घेतो.

आणि याचं उदाहरण आपल्या दारातच आहे. देवराई. मावळात देवराई म्हणतात, आमच्या रत्नागिरीत देवरहाटी म्हणतात, सिंधुदुर्गात नुसतं राय म्हणतात. गावाच्या देवाच्या नावानं सोडलेलं रान. त्यातलं झाड तोडायचं नाही, कोयता न्यायचा नाही, चपला बाहेर काढायच्या. काही ठिकाणी तर वाळकी काटकीही उचलायची नाही. जमीन आहे, पाणी आहे, लाकूड आहे, गरजही आहे, आणि तरीही गावानं हात लावला नाही. सरकारचा वनखात्याचा माणूस नव्हता, तारेचं कुंपण नव्हतं, तेव्हापासून.

१९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोन शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या देवराया पायी फिरून अभ्यासल्या. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची हकिकत त्यांच्या अभ्यासामुळं पुढं आली. तिथल्या देवराईवर तोडीचं संकट आलं होतं आणि गावकरी ती वाचवायला मदत मागत होते. राई राहिली तर ओढा राहील, हे त्यांचं म्हणणं होतं. बघा, देवाचं नाव होतं, पण हिशोब पाण्याचाही होता. आपल्या आजी-पणज्यांना अडाणी समजायची चूक आपण करू नये.

आत नेमकं चालतं काय?

आता कुणी म्हणेल, देवाचं झालं, पाण्याचं झालं, पण लावलेली झाडंही पाणी धरतात की. काजूची बाग हिरवीच असते. मग फरक काय?

फरक बघायला आम्ही पंधराजणी एका सकाळी देवरहाटीत गेलो. आधी काजूच्या बागेत थांबलो. तिथं झाड एका जातीचं, एका उंचीचं, एका वयाचं. खाली जमीन बेणून साफ केलेली. मग देवरहाटीत शिरलो. वर किंजळ, ऐन, बेहडा, सातवीण असे उंच वृक्ष. त्यांच्या खांद्याला लागेल अशी मधली झाडं, त्यात रातांबा, सुरंगी. त्याखाली झुडपं. या सगळ्यांना वेढे घालत मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल. आणि सगळ्यात खाली पातेरा. पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जातो.

पावसाचा थेंब इथं सरळ मातीवर आदळत नाही. वरच्या पानावर पडतो, तिथून मधल्या, तिथून खालच्या, आणि मग पातेऱ्यात. त्याचा जोरच निघून जातो. पातेरा स्पंजासारखा पाणी पितो. खाली गांडुळं, वाळवी, मुंग्या यांनी पोखरलेली भुसभुशीत माती असते, मुळांनी केलेल्या वाटा असतात, त्यातून ते पाणी सावकाश आत जातं. बागेतल्या उघड्या जमिनीवर तेच पाणी धावत सुटतं आणि माती घेऊन ओहोळाला मिळतं. आमच्याकडं पाऊस कमी नाही. पावसाळ्यात डोक्यावर ओततो आणि मेमध्ये हंड्याची रांग लागते. आपली अडचण पाऊस पडण्याची नाही, पाऊस थांबवून धरण्याची आहे.

मग वाळकं लाकूड. आपल्याला वाटतं, पडलेलं झाड कुजतंय, वाया चाललंय. पण त्या कुजण्यात अळंबी उगवते, किडे राहतात, त्या किड्यांवर पक्षी जगतात, आणि झाडानं शंभर वर्षं जमिनीतून घेतलेलं सत्त्व परत जमिनीला मिळतं. जमिनीचं ते शेणखतच आहे. आपण शेतातून पीक नेतो म्हणून बाहेरून खत घालावं लागतं. देवरहाटीत कुणी खताची पिशवी नेत नाही, तरी तिथलं झाड बघा कसं आहे.

आणि म्हाताऱ्या झाडाची ढोली. याबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. धनेश पक्षी तुम्ही पाहिला असेल, मोठ्या वाकड्या चोचीचा. उडताना पंखांचा आवाज लांबून येतो. याची मादी अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार बंद करून घेते. चिखल, विष्ठा यांनी लिंपून फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. पुढचे काही महिने ती आतच. नर उंबर-वडाची फळं आणून फटीतून भरवतो, आधी तिला, मग पिल्लांनाही. आपल्या गटातल्या एका बाळंतिणीनं हे ऐकलं आणि म्हणाली, "एवढं माहेरपण आम्हाला कुणी दिलं नाही!"

हसण्यावारी गेलं, पण मुद्दा असा, की एवढा मोठा पक्षी मावेल अशी ढोली पाच-दहा वर्षांच्या झाडाला होत नाही. त्याला म्हातारं झाड लागतं, आणि लागवडीत कुणी झाड म्हातारं होऊ देत नाही. धनेश गेला, की त्यानं खाऊन लांब टाकलेल्या बिया गेल्या. बिया गेल्या, की पुढची झाडं गेली. ढोलीत सातेरी मधमाशीही पोळं करते. तीच पुढं आपल्या आंब्याच्या, काजूच्या मोहोरावर, परसातल्या वेलींवर येते. म्हणजे आपल्या बागेत राबणारी मजूर राहते देवरहाटीत. तिचं घर पाडून आपण बागेत उत्पन्न कमी का आलं म्हणून विचारतो.

आणखी एक. आपलं हापूसचं कलम कशावर बांधतात? रायवळच्या कोयीतून आलेल्या रोपावर. कुणी न निवडलेलं, आपसूक वाढलेलं जे असतं, त्यात चिवटपणा असतो. आज ज्याचा उपयोग ठाऊक नाही, ते उद्या लागणारच नाही, असं छातीठोकपणे कोण सांगणार?

लहान आहे म्हणून कमी नाही

काहीजणींना वाटेल, जपायचं तर मोठं जंगल जपावं. आमच्या दोन-चार एकरांनी काय होणार? सह्याद्री मोठा आहेच. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यात आपल्या महाराष्ट्रातल्या कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी या चार आहेत. पण लहान जागेचीही गोष्ट ऐका.

सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथं एक देवराई आहे. तिथं रानजायफळाची फार दुर्मीळ झाडं आहेत. ही झाडं बारमाही पाणी साचलेल्या दलदलीत वाढतात. चिखलात मुळांना श्वास घेता येत नाही, म्हणून ती मुळं गुडघा मोडून बसावं तशी जमिनीबाहेर काढतात. अशी दलदल आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे. ही जागा अवघी २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरांच्या आतबाहेर. तरी २०२१ साली ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. गडचिरोलीत आलापल्लीच्या जुन्या वनाला हाच मान २०१४ साली मिळाला होता.

बांबर्ड्याच्या लोकांनी काही दुर्मीळ झाड आहे म्हणून ती राई ठेवली नव्हती. देवाची म्हणून ठेवली होती. तिच्यात काय होतं ते जगाला नंतर कळलं. मधल्या काळात कुणी पाणी काढून तिथं सुपारी लावली असती, तर कळायला काही उरलंच नसतं. न बदललेल्या जमिनीचं हेच मोल आहे. तिच्यात काय काय आहे ते आपल्याला अजून पुरतं ठाऊक नसतं. आणि शंभर वर्षांत झालेलं रान जेसीबी दोन तासांत काढतो. परत आणायचं म्हटलं, तर पैसे असूनही आणता येत नाही.

राखण्याचा भार कुणावर?

आता थोडं कडू बोलू. कारण देवराईचं नुसतं गुणगान केलं तर ते अर्धंच खरं होईल.

ज्या नियमांनी देवरहाटी राहिली, त्यांतले काही आपल्यावरच उलटलेले होते. अडचणीच्या दिवसांत बाईनं तिकडं फिरकायचं नाही. काही रायांत बाईला कधीच जाऊ देत नाहीत. म्हणजे त्या राईचं पाणी भरणार आपण, आणि राई मात्र आपल्याला विटाळाची. शिवाय वाळकी काटकी उचलायची नाही हा नियम मोडायचा नाही, म्हणून दोन डोंगर पलीकडं लाकडाला कोण गेलं? देवाचं रान राखलं गावानं, पण त्यासाठी लागणारी पायपीट केली बाईनं. हे लिहिलेलं कुठं सापडत नाही.

आमच्या गटातल्या शिकलेल्या मुली स्पष्ट म्हणतात, "आम्ही त्या भीतीला मानत नाही." आम्हीही मानत नाही. पण इथंच एक धोका आहे. भीतीनं जे राखलं, ते भीती गेली की उघडं पडतं. देव कोपेल हे कुणाला वाटेनासं झालं, आणि त्या जागी दुसरा काहीच नियम आला नाही, तर पहिला कोयता पडायला वेळ लागत नाही. पुष्कळ गावांत हेच झालं. भक्ती वाढली आणि राई घटली! जुन्या कौलारू देवळाच्या जागी सिमेंटचा मंडप, समोर फरशी, गाड्यांना जागा, आणि 'स्वच्छता' म्हणून खालचा सगळा झाडोरा साफ. मोठी चार झाडं ठेवली, म्हणून राई राहिली असं होत नाही. खालचं पोर-बाळ झाड नाहीसं झालं, तर ही चार म्हातारी गेल्यावर मागं कोण?

म्हणून आम्हाला वाटतं, की विटाळाचा नियम सोडायचा आणि कोयत्याचा ठेवायचा. भीतीची जागा समजुतीनं घ्यायची. आणि राखण्याचा भार सगळ्या घरानं उचलायचा, एकट्या बाईनं नाही. सरपणासाठी बांधावर, हद्दीवर पुन्हा पुन्हा फुटणारी झाडं वाढवायची, चूल सुधारायची, गॅस परवडेल असं बघायचं. भाजावळीचा पातेरा, कवळ आपल्या मालकीतून काढायचं. बाईची सोय झाली नाही, तर राई वाचवा हे तिला सांगायचा अधिकार कुणालाच नाही.

मग शेडचं काय झालं?

हे तुम्ही विचारणारच. काकींच्या त्या वाक्यानंतर आम्ही वादावादी केली नाही. एक साधं काम केलं. देवरहाटीखालच्या झऱ्यावर दर पंधरा दिवसांनी, सकाळी त्याच वेळी, एक दहा लिटरची बादली लावायची आणि ती भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर बघून वहीत लिहायचं. पलीकडच्या अंगाला एक दुसरा झरा आहे, त्याच्या वरचं रान काही वर्षांपूर्वी काढून तिथं काजू लावलेत. तिथंही तसंच.

पलीकडचा झरा एप्रिलमध्येच थांबला. देवरहाटीखालचा बारीक झाला, पण मे संपेपर्यंत चालू होता. एका वर्षाच्या मापानं सगळं सिद्ध होतं असं आम्ही म्हणणार नाही. दोन्हीकडचा कातळ वेगळा असू शकतो. पण ती वही बैठकीत ठेवली, तेव्हा बोलण्याची तऱ्हा बदलली. कारण काजू उकडायलाही पाणी लागतं, आणि ते त्याच झऱ्यावरून यायचं होतं. पाण्याच्या डोक्यावरच शेड बांधून पाणी कुठून आणणार होतो आपण?

शेड तिथं झाली नाही. याची किंमत आम्ही मोजली, तीही सांगितली पाहिजे. दुसरी जागा मिळेपर्यंत एक हंगाम हातचा गेला. बी पुन्हा कच्चीच विकावी लागली. दोन गटांतल्या बाया अजून आमच्यावर नाराज आहेत, आणि त्यांचा राग खोटा नाही. त्यांच्या घरात त्या वर्षी पैसा कमी आला. आता वाडीतलं एक जुनं बंद घर भाड्यानं घेतलंय. भाडं जातं, जागाही तोकडी आहे. राखणं फुकट होत नाही. कुणीतरी काहीतरी सोडावं लागतं. फक्त ते दरवेळी गरिबानंच सोडावं असं होऊ नये, यासाठी ग्रामपंचायतीकडं आम्ही शेडसाठी गावठाणातली जागा मागितली आहे. उत्तर अजून यायचंय.

आपण काय करू शकतो?

पहिलं, आपल्या गावातली अशी जमीन कुठली ते बघा. देवराई असेल, गायरान असेल, सडा असेल, ओढ्याकाठची झाडी असेल. तिचा सातबारा काढून घ्या. जमीन कुणाच्या नावावर आहे, महसुलाची आहे की वनखात्याची, हे कळल्याशिवाय पुढं काही करता येत नाही.

दुसरं, तिथं जाऊन यादी करा. थोरल्या बायांना बरोबर घ्या, कारण झाडांची नावं त्यांना येतात. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. तुमच्या गावात ही समिती आहे का, त्यात महिला कोण आहेत, वहीत काय लिहिलंय, हे विचारा. वही कोरी असेल तर तुमची यादी त्यात जाऊ द्या.

तिसरं, जमीन वनजमीन असेल तर वनहक्क कायदा, २००६ बघा. त्यात गावाला सामूहिक वनहक्क मिळतात. रान वापरण्याचाच नव्हे, तर राखण्याचा आणि त्याचा कारभार करण्याचाही हक्क. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २००९ साली तो मिळवला. आदिवासी नसलेल्या गावांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास आणि त्या रानावरचं अवलंबन दाखवावं लागतं.

चौथं, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आपल्या राज्यात आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. देवळाचा मंडप, रस्ता, खाण, लागवड, असा कुठलाही विषय त्या जमिनीबद्दल येणार असेल, तर आपलं म्हणणं महिला सभेत ठराव करून लिहून द्या. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं.

आणि पाचवं, ती बादली. झऱ्याखाली लावा, वेळ लिहा. खर्च काही नाही. पण दोन-तीन वर्षांनी ती वही तुमच्या बाजूनं बोलेल.

आमच्या गावात पुढच्या महिन्यात देवळाच्या मंडपाचा विषय ग्रामसभेत येणार आहे. देऊळ दुरुस्त व्हावं, त्याला आमची हरकत नाही. पण फरशी किती, झाडोरा किती काढणार आणि झऱ्याच्या डोक्याला हात लागणार का, हे आम्ही विचारणार आहोत. आमच्या बाजूनं निकाल लागेलच असं नाही. काकी म्हणाल्या आहेत, की त्या दिवशी त्या मागं भिंतीला टेकून बसणार नाहीत, पुढं बसणार आहेत.

तुमच्या गावात अशी जमीन असेल, तिचं काय नाव आहे, तिच्यात काय आहे, ते आम्हाला पोस्टकार्डानं कळवा, नाहीतर गटाच्या बैठकीत लिहून पाठवा. पुढच्या एखाद्या भागात तुमची पत्रं वाचू. आजच्यापुरतं एवढंच. नमस्कार.